महागड्या घड्याळांच्या रेप्लिका: नागपूरच्या ग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डीतील आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येणारी काही घड्याळे खरी नसतात, आणि ती घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ठाऊक असते. ज्यांना ठाऊक नसते त्यांना ते सांगणे हा आमच्या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांनी आणि रेप्लिका घ्यावी की नाही या विचारात असलेल्यांनी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. आमची भूमिका आधीच सांगितलेली बरी: आमचा आक्षेप घड्याळाच्या आकाराला किंवा त्याच्या स्वस्त असण्याला नसून तबकडीवर छापलेल्या दुसऱ्याच्या नावाला आहे.

'फर्स्ट कॉपी', 'सेव्हन-ए', 'मास्टर कॉपी' आणि 'सुपर क्लोन' यांत नेमका फरक काय?

या शब्दांमागे कोणतेही प्रमाण नाही. ही वर्गवारी कोणतीही संस्था तपासत नाही, आणि एका दुकानातील 'सेव्हन-ए' दुसऱ्या दुकानातील 'फर्स्ट कॉपी'पेक्षा हलकी निघू शकते. मागचे झाकण उघडल्यावर मात्र काही थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालच्या थरात साधे क्वार्ट्झ मशीन आणि सेल असतो. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' असे छापलेले असले तरी सेकंदाचा काटा दर सेकंदाला एकेक ठोका घेत पुढे सरकतो. त्यावरच्या थरात स्वस्त चिनी ऑटोमॅटिक मशीन किंवा मियोटा ८२१५ सारखे जपानी मशीन असते. हे जपानी मशीन मुळात अगदी प्रामाणिक आणि टिकाऊ आहे, आणि आपल्या स्वतःच्या नावाच्या घड्याळात ते वर्षानुवर्षे निमूटपणे चालते. त्यानंतर स्विस ईटा २८२४ या मशीनच्या चिनी आवृत्त्या येतात. या मशीनची रचना जुनी असून तिच्यावरील पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे तशा रचनेचे मशीन बनवण्यात स्वतःमध्ये काही गैर नाही. विक्रेता 'आत स्विस मशीन आहे' असे ठासून सांगतो तेव्हा बहुधा हेच आत असते. सर्वांत वरच्या थरात मूळ कंपनीच्या स्वतःच्या मशीनची भागशः नक्कल केलेली असते आणि तिला 'सुपर क्लोन' म्हणतात.

दिसण्यात एवढे साम्य असेल, तर फरक राहतो कुठे?

डोळ्यांना दिसणारा फरक दरवर्षी कमी होत आहे, हे मान्य केले पाहिजे. रोलेक्स ९०४ एल जातीचे पोलाद वापरते, तर बहुतेक स्विस कंपन्या ३१६ एल वापरतात; आता वरच्या थरातील नकलाही ९०४ एलच्या असल्याचे सांगितले जाते आणि त्यांतील काही खरोखर तशा असतात. काचेवरील तारखेचे भिंग, कडेवरील कोरीव अक्षरे आणि पट्ट्याची कडी या सर्वांची नक्कल झालेली आहे.

फरक आहे तो तपासणीत. स्वित्झर्लंडची कोस्क ही संस्था प्रत्येक मशीन पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत जे मशीन बसते, त्यालाच क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळते. रोलेक्स त्यापुढे जाऊन केसमध्ये बसवलेले घड्याळ दोन सेकंद मागे-पुढे या मर्यादेत असल्याची स्वतः खात्री करते. (नागपूरचा मे महिना ३८ अंशांना सहज मागे टाकतो, मात्र मनगटावरचे घड्याळ बाहेरच्या हवेपेक्षा शरीराच्या तापमानाच्या जवळ राहते, त्यामुळे त्याची फार काळजी करू नये.) चांगली रेप्लिकाही एखाद्या आठवड्यात याच मर्यादेत चालू शकते, परंतु ती तशी चालेल हे तपासून घेण्याची जबाबदारी कोणावरही नसते. आम्ही उघडलेल्या अनेक रेप्लिकांमध्ये वंगण एके ठिकाणी गरजेपेक्षा जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी अजिबात नाही, अशी स्थिती आढळते.

पाण्याबाबत तर भ्रम बाळगूच नये. तबकडीवर '३०० मीटर' असे छापणे ही छपाई झाली. घड्याळ त्या दाबाखाली तपासले गेले आहे, असा तिचा अर्थ होत नाही. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना किंवा पहिल्या पावसात स्कूटरवरून घरी येताना काचेच्या आत वाफ धरल्याच्या तक्रारी आमच्याकडे नेहमीच्या आहेत. तबकडीवर तीन लहान वर्तुळे असलेल्या घड्याळांचीही अशीच गोष्ट आहे: मूळ घड्याळात ती वर्तुळे सेकंद, मिनिटे आणि तास मोजणारी असतात, तर स्वस्त नकलेत त्यांतील काटे वार किंवा चोवीस तासांची वेळ दाखवतात आणि बाजूची बटणे केवळ शोभेची किंवा वार बदलण्यापुरती असतात.

सुशिक्षित आणि कमावती माणसेसुद्धा रेप्लिका का घेतात?

या प्रश्नाकडे आम्ही तुच्छतेने पाहत नाही, कारण त्यामागील आकर्षणांपैकी काही अगदी रास्त आहेत.

पहिले आकर्षण आकाराचे आहे. १९५३ मध्ये आलेली रोलेक्स सबमरीनर, जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेली आणि १९७२ मध्ये बाजारात आलेली ऑडेमार्स पिगे कंपनीची अष्टकोनी रॉयल ओक, त्यांनीच रेखाटलेली १९७६ ची पाटेक फिलिप नॉटिलस, ही रेखाटने इतक्या वर्षांनंतरही शिळी वाटत नाहीत. सुंदर वस्तू हवीशी वाटण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरे आकर्षण यंत्राचे आहे: सेल नसताना केवळ हाताच्या हालचालीने चावी भरली जावी आणि सेकंदाचा काटा अखंड सरकत राहावा, याचे कौतुक वाटणारा तरुण आमच्या टेबलाशी तासभर उभा राहू शकतो, आणि तो आम्हाला मनापासून आवडतो.

तिसरे आकर्षण ओळखले जाण्याचे आहे, आणि खरा व्यवहार येथे होतो. प्लॉटचे सौदे करणारा दलाल, नुकताच स्वतंत्र दवाखाना थाटलेला डॉक्टर, लग्नात नवऱ्यामुलाशेजारी उभा राहणारा मित्र, यांना समोरच्याने मनगटाकडे पाहून काहीतरी अंदाज बांधावा असे वाटते. हा अंदाज आकारामुळे बांधला जात नाही. तो तबकडीवरील नावामुळे आणि त्या नावाच्या प्रसिद्ध किमतीमुळे बांधला जातो. चौथे आकर्षण थोडे खोडकर आहे: लाखो रुपये मागणाऱ्या कंपनीला आपण चार हजारांत हरवले, हा आनंद.

पहिल्या दोन आकर्षणांची भूक भागवणारी प्रामाणिक घड्याळे बाजारात मुबलक आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे केला आहे. चौथ्या आकर्षणावर आम्ही फारसे बोलणार नाही. तिसऱ्याला मात्र प्रामाणिक पर्याय मिळत नाही, कारण तेथे हवी असलेली वस्तूच मुळी दुसऱ्याचा गैरसमज ही आहे.

खऱ्या घड्याळांच्या किमती फुगवलेल्याच असतात, मग नक्कल घेण्यात काय चूक?

किमतीचा बराच भाग पोलाद, कारागिरी आणि तपासणी यांच्या खर्चापलीकडचा असतो, यात शंका नाही. त्यात जाहिरात आहे, मर्यादित पुरवठा आहे, विक्रेत्याचा हिस्सा आहे आणि आपल्याकडे सीमाशुल्क व १८ टक्के जीएसटी आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या एफ्टा या गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. दुसरीकडे, २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला एक टक्का कर ग्राहकाकडून उगमस्थानी गोळा करावा लागतो. हा कर पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु खरेदीची नोंद आयकर विभागाकडे जाते, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे.

किंमत अवाजवी वाटली तर न घेणे हा ग्राहकाचा पूर्ण अधिकार आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही त्यांतील अनेक किमती अवाजवी वाटतात. परंतु किंमत जास्त आहे म्हणून त्या नावाचा मोफत वापर करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्याला ती किंमत खरोखर पोकळ वाटते त्याला ते नाव मनगटावर नको असायला हवे. रेप्लिका घेणारा किमतीची टिंगल करतो आणि त्याच किमतीच्या दबदब्यावर अवलंबूनही राहतो.

रेप्लिका विकत घेणे हा भारतात गुन्हा आहे का?

स्वतःच्या वापरासाठी एखादी रेप्लिका विकत घेणे किंवा घालणे यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये ग्राहकाला शिक्षा सांगितलेली नाही. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. खोटे व्यापारचिन्ह लावणे कलम १०३ खाली आणि तसे चिन्ह लावलेला माल विकणे, विक्रीसाठी मांडणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे कलम १०४ खाली गुन्हा आहे. दोन्हींसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान शिक्षा वाढते. अशा मालाची झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी करू शकतो, आणि त्याआधी त्याला व्यापारचिन्हांच्या निबंधकाचे मत घ्यावे लागते.

येथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्वतःसाठी घेतलेली रेप्लिका कंटाळा आला म्हणून ऑनलाइन विकायला काढली, किंवा मुंबईहून पाच-सहा घड्याळे मागवून मित्रांना थोड्या नफ्यावर दिली, की त्या क्षणी आपण ग्राहक राहत नाही. महाविद्यालयात शिकणारी काही मुले इन्स्टाग्रामवर पान काढून असा 'साइड बिझनेस' करतात, आणि आपण कलम १०४ च्या कक्षेत आलो आहोत याची त्यांना कल्पनाही नसते. पालकांनी हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवावा.

परदेशातून रेप्लिका आणता येते का, किंवा घालून परदेशात जाता येते का?

बौद्धिक संपदा हक्कांच्या अंमलबजावणीसाठी २००७ मध्ये केलेल्या आयातविषयक नियमांत, प्रवाशाच्या वैयक्तिक सामानातील किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या लहान पार्सलमधील, व्यापारी स्वरूपाच्या नसलेल्या अल्प मालाला सूट आहे. एकाच बॅगेत सारखी दिसणारी दहा घड्याळे सापडली तर ती वैयक्तिक वापराची आहेत हे कोणाला पटणार नाही.

परदेशात मात्र सांभाळून राहावे. इटलीत बनावट वस्तू विकत घेणाऱ्या ग्राहकालाही सात हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये अशी वस्तू बाळगणे हाच अपराध मानला जातो. आणि स्वित्झर्लंडचे सीमाशुल्क अधिकारी खासगी प्रवाशाकडील बनावट घड्याळही जप्त करून नष्ट करू शकतात. युरोपच्या सहलीला निघालेल्यांनी मनगटावरची 'फर्स्ट कॉपी' घरीच ठेवणे शहाणपणाचे आहे.

कंपन्या गडगंज आहेत आणि मी मूळ घड्याळ कधीच घेणार नव्हतो; मग नुकसान कोणाचे झाले?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत गंभीर प्रश्न आहे. त्यातील अर्धा भाग बरोबर आहे. चार हजारांची रेप्लिका घेणाऱ्या ग्राहकाने दहा लाखांचे घड्याळ घेतले नसतेच, त्यामुळे प्रत्येक रेप्लिकेला एक हुकलेली विक्री समजून काढलेले तोट्याचे आकडे आम्हाला पटत नाहीत. प्रत्येक बनावट वस्तूमागे दहशतवाद्यांचा पैसा असल्याची जी भीती घातली जाते, तिचाही आम्ही येथे आधार घेणार नाही. रोलेक्सची मालकी तिचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आहे, आणि सीताबर्डीत विकल्या गेलेल्या एका रेप्लिकेने त्या प्रतिष्ठानाचे काही बिघडत नाही.

तरीही नुकसान होते, आणि ते जवळ होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये बनावट मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार सुमारे ४६७ अब्ज डॉलरचा, म्हणजे जगाच्या एकूण आयातीच्या २.३ टक्के होता, आणि घड्याळे हा त्यातील नेहमीचा माल आहे. हा माल बिलाशिवाय, हमीशिवाय आणि कराशिवाय फिरतो. ज्यांच्या हातांनी तो जोडला जातो त्यांची मजुरी, वय आणि कामाची जागा कोणीही तपासत नाही. धरमपेठेत किंवा सदरमध्ये रीतसर बिल देऊन पाच हजारांचे टायटन किंवा कॅसिओ विकणाऱ्या दुकानदाराचा ग्राहक मात्र खरोखर कमी होतो, कारण रेप्लिकेची स्पर्धा दहा लाखांच्या घड्याळाशी नसून याच पाच हजारांच्या घड्याळाशी असते.

शिवाय रेप्लिका पहिल्या मालकापाशी थांबत नाही. पहिला ग्राहक सारे जाणून घेतो. दुसऱ्याला ती भेट म्हणून मिळते. तिसरा ती गहाण ठेवायला जातो किंवा जुन्या खऱ्या घड्याळाच्या भावाने विकत घेतो. पहिल्या व्यवहारात कोणाचीही फसवणूक झाली नव्हती, म्हणून तो निर्दोष वाटतो. परंतु फसवणुकीसाठी लागणारी वस्तू त्याच व्यवहारातून चलनात आली, आणि घड्याळ हे माणसाच्या हातून सहज पुढे जाणारे आणि बराच काळ टिकणारे असल्यामुळे हा धोका कपड्यांच्या किंवा बुटांच्या नकलेपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

इतिहासाच्या दृष्टीने एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी घड्याळांचा बोलबाला असताना काही स्विस उत्पादक अमेरिकी वाटणारी नावे टाकून अमेरिकेत हलकी घड्याळे विकत होते. त्याही आधी, १७९५ च्या सुमारास, आपल्या नावाने खपणाऱ्या नकलांना कंटाळून अब्राहम-लुई ब्रेगे या नामवंत घड्याळकारांनी तबकडीवर सहजी न दिसणारी गुप्त स्वाक्षरी कोरायला सुरुवात केली. म्हणजे स्विस उद्योगाचे हातही या बाबतीत पूर्वापार स्वच्छ नाहीत. परंतु तेव्हाही तक्रार नावाबद्दलच होती.

मी ते खरे असल्याचे कोणालाच सांगत नाही. मग यात खोटेपणा कुठे आला?

इतवारीच्या सराफ्यात १८ कॅरेटच्या दागिन्यावर २२ कॅरेटचा शिक्का मारून ठेवला आणि विक्रेता तोंडाने काहीच बोलला नाही, तर त्याला आपण प्रामाणिक म्हणणार नाही, कारण बोलण्याचे काम शिक्का करतो. तबकडीवरील नावही असेच बोलत असते.

तरीही आम्ही येथे सरसकट निवाडा देत नाही. मित्रांनी विचारल्यावर 'कॉपी आहे' असे हसत सांगणारा माणूस आणि त्याच घड्याळाच्या जोरावर गुंतवणूकदाराकडून पैसे मागणारा माणूस यांत मोठे अंतर आहे. पहिल्याचा दोष किरकोळ आहे. दुसऱ्याने घड्याळ हे साधन म्हणून वापरले आहे, आणि पुढे काही बिघडले तर ते घड्याळ त्याच्याविरुद्धच्या कहाणीत ठळकपणे येईल. बहुतेक ग्राहक या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतात: विचारले तर खरे सांगेन, पण कोणी विचारू नये अशी इच्छा.

पाहणाऱ्याला कळते का?

जाणकाराला बहुधा कळते, परंतु घड्याळामुळे नव्हे. नागपूर आकाराने वाढले असले तरी नातेसंबंधांच्या बाबतीत अजून लहान शहर आहे. कोणाचा पगार किती, कोणाचे घर कर्जाचे, हे चारचौघांना ठाऊक असते. त्यांच्यासमोर बारा लाखांचे घड्याळ आले की प्रश्न काचेचा किंवा काट्याचा उरतच नाही. ते काही बोलत नाहीत, इतकेच.

साक्षगंधात जावयाला किंवा निवृत्तीच्या वेळी साहेबांना रेप्लिका भेट द्यावी का?

देऊ नये. या एका प्रश्नावर आमचे मत निःसंदिग्ध आहे.

स्वतः घातलेली रेप्लिका ही निदान स्वतःची निवड असते. भेट देताना मात्र आपण घेणाऱ्याच्या हाती, त्याच्या नकळत, एक खोटे विधान देतो, आणि ते विधान पुढे तो स्वतःच्या विश्वासार्हतेवर चारचौघांत मांडतो. वधूपक्षाने हौसेने दिलेले घड्याळ जावई दोन वर्षांनी सर्व्हिसिंगसाठी आमच्याकडे घेऊन येतो, आणि झाकण उघडल्यावर त्याला काय सांगावे हा पेच आमच्यासमोर उभा राहतो. आम्ही खरे तेच सांगतो. त्यानंतर त्या घरात काय बोलले जाते हे आम्हाला कळत नाही, पण त्याची कल्पना करणे अवघड नाही. कित्येकदा सासऱ्यांनाही विक्रेत्याने 'दुबईचा माल, म्हणून स्वस्त' असे सांगून फसवलेले असते. आठ हजारांत द्यायचेच असेल तर आठ हजारांचे उत्तम घड्याळ बिलासह द्यावे. जावई ते निर्धास्तपणे घालील.

खरे म्हणून जुने घड्याळ घेतले आणि ते बनावट निघाले. आता काय करावे?

प्रथम घड्याळ विक्रेत्याला परत देऊ नका आणि त्याच्याशी झालेले संदेश, जाहिरातीचे फोटो व पैसे दिल्याच्या नोंदी पुसू नका. त्यानंतर मूळ कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून किंवा अनुभवी कारागिराकडून लेखी मत घ्या.

विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा पातळीवरच चालते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शन मिळू शकते. विक्रेता खासगी व्यक्ती असेल आणि त्याने जाणूनबुजून खोटे सांगितले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. मात्र संदेशांत तुम्हीच 'चांगली कॉपी पाहिजे' असे लिहिलेले असेल, तर यांपैकी कोणताही मार्ग फारसा उपयोगी पडणार नाही. बेकायदा मालाच्या जाणत्या खरेदीदाराला न्यायालय हात देत नाही, हे या व्यापारातील विक्रेत्यांना पक्के ठाऊक असते.

घेण्यापूर्वी ओळखायचे कसे?

इंटरनेटवर सांगितल्या जाणाऱ्या खुणा आता अपुऱ्या आहेत. काचेवर सहाच्या आकड्याजवळ लेसरने कोरलेला रोलेक्सचा सूक्ष्म मुकुट, तारखेवरील अडीच पट मोठे दाखवणारे भिंग, अनुक्रमांक, हमीचे हिरवे कार्ड या सर्वांच्या नकला मिळतात. अनुक्रमांक खऱ्या घड्याळावरून उचललेला असू शकतो, आणि खऱ्या डब्यात खोटे घड्याळ घालून विकण्याचा प्रकारही नवा नाही.

मोठी रक्कम देण्यापूर्वी घड्याळ उघडून मशीन पाहणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. विक्रेता उघडू देण्यास नकार देत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर असेल तर उघडण्याचेही कष्ट घेऊ नयेत.

'होमेज' घड्याळ आणि रेप्लिका यांत फरक आहे का?

आमच्या मते मोठा फरक आहे. होमेज घड्याळाचा आकार प्रसिद्ध घड्याळासारखा असतो, परंतु तबकडीवर बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव असते. भारतात नोंदणीकृत डिझाइनला जास्तीत जास्त पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. नाव आणि चिन्ह यांचे संरक्षण मात्र नूतनीकरण करत गेल्यास अमर्याद काळ टिकते. कायद्यानेच आकार आणि नाव यांना अशी वेगळी वागणूक दिली आहे, आणि ती आम्हाला योग्य वाटते. फिरती कडा आणि ठळक ठिपके असलेली पाणबुड्यांची घड्याळे आज कितीतरी कंपन्या बनवतात. त्यांतील काही मूळ घड्याळाच्या इतक्या जवळ जातात की कल्पकतेच्या नावाने शून्य गुण द्यावेत. पण कल्पकता नसणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेप्लिकेच्या पैशांत दुसरे काय घेता येईल?

अष्टकोनी आकार आवडत असेल तर कॅसिओचे २०१९ मध्ये आलेले जीए-२१०० पाहावे. जगभरचे शौकीन त्याला प्रेमाने 'कॅसिओक' म्हणतात. यंत्राचे आकर्षण असेल तर सायकोचे एनएच३५ मशीन असलेली अनेक लहान कंपन्यांची ऑटोमॅटिक घड्याळे मिळतात. हे मशीन पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते, आणि त्याचे सुटे भाग नागपुरात मागवून मिळतात. टायटनची ऑटोमॅटिक घड्याळेही पाहावीत. थोडे थांबून पैसे साठवणे शक्य असेल तर सायको ५ किंवा टिसो यांच्यापर्यंत पोहोचता येते, आणि तेथून पुढे रेप्लिकेचा विचार बहुधा आपोआप मागे पडतो.

जुनी एचएमटी तरी खरी असते ना?

दुर्दैवाने नेहमी नसते. एचएमटीने सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, आणि जनता व पायलट ही तिची चावीची घड्याळे घराघरांत पोहोचली. घड्याळांचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय झाल्यावर शौकिनांची मागणी वाढली, आणि जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली, कंपनीने कधीच न काढलेल्या रंगांची तबकडी चढवून ती 'अस्सल जुनी पायलट' म्हणून ऑनलाइन विकली जाऊ लागली. आत मशीन खरे, केस दुसऱ्याच मॉडेलची आणि तबकडी कालपरवा छापलेली, असा हा संकर असतो. 'तबकडी नव्याने रंगवलेली आहे' असे स्पष्ट सांगून विकल्यास त्यात काही वाईट नाही. आजोबांच्या घड्याळाची झिजलेली तबकडी आम्हीही रंगवून देतो. अक्षरांची कड फुगीर किंवा तिरकी दिसत असेल आणि जुन्या घड्याळाची तबकडी संशयास्पदरीत्या कोरी असेल, तर किंमत त्याप्रमाणे ठरवावी.

रेप्लिकेमुळे त्वचेला त्रास होतो का?

हलक्या मिश्रधातूवर पातळ मुलामा दिलेल्या घड्याळांमुळे होऊ शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यातील घामाने मुलामा लवकर उडतो, खालच्या धातूतील निकेल त्वचेला लागते आणि मनगटावर खाज किंवा लाल चट्टा उठतो. घड्याळ काढून ठेवावे आणि चट्टा राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नवा पट्टा लावून उपयोग नसतो, कारण मागचे झाकण तेच राहते.

तुम्ही रेप्लिका दुरुस्त करता का?

सेल बदलणे, पट्ट्याची कडी काढणे, काच बसवणे अशी कामे आम्ही करतो. वस्तू वापरात आहे तर ती चालावी, एवढाच त्यामागे विचार आहे. मियोटा किंवा २८२४ च्या धाटणीचे मशीन असेल तर सर्व्हिसिंगही होते, मात्र त्याचा खर्च कधी कधी घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि तो आम्ही आधी सांगतो. सुपर क्लोनच्या मशीनचे भाग मिळण्याची खात्री नसल्यामुळे ते काम घेत नाही. पावतीवर आम्ही कंपनीचे नाव न लिहिता 'रेप्लिका' असे लिहितो, आणि ते खोडून नाव लिहून देण्याची विनंती मान्य केली जात नाही. पुसट झालेले नाव किंवा चिन्ह पुन्हा छापून देण्याचे काम आम्ही करत नाही. तबकडी कोरी करून हवी असल्यास मात्र आनंदाने करून देतो. त्याला साधारण आठवडा लागतो.